सगळ्यांना हो म्हणणारं दार

न्येपीच्या, म्हणजे बालीतल्या मौनाच्या सणाच्या, आदल्या दिवशी बेनोआ बंदरातल्या त्या कचेरीत एकच बाई मान मोडून काम करत होती, आणि तिचं काम म्हणजे उद्या कुणाला काम पडू नये याची व्यवस्था लावणं. लुह सुकेर्ती तिचं नाव. सगळे तिला केर्ती म्हणत. कंपनीच्या टूना पकडणाऱ्या बोटी बालीपासून फार खाली, दक्षिणेच्या समुद्रात पसरलेल्या असत. जमिनीशी त्यांचा संबंध उरायचा तो उपग्रहावरून येणाऱ्या मेलपुरता. ती मेल जिथे येऊन टेकते, त्या सर्व्हरची राखण केर्तीकडे होती.

हे राखणीचं काम दिसायला काहीच नसतं. आलेली प्रत्येक मेल दारातच अडवायची आणि तिला प्रश्न विचारायचे. कुठून आलीस? कुणाकडे आलीस? तो माणूस इथे राहतो का? आधी कधी आली होतीस का? प्रत्येक प्रश्नाचा एक नियम आणि नियमांची एक रांग. सर्व्हर ही रांग वरून खाली वाचत जातो. एखाद्या नियमाने निकाल दिला, आत घ्या, हाकला किंवा नंतर यायला सांगा, की विषय तिथेच संपला. खालचे नियम कितीही शहाणे असोत, त्यांना कुणी विचारत नाही.

बोटीवर याचा हिशेब सोपा होता. तांडेलाच्या खोलीत एक पेटी, पेटीवर तीन दिवे. सर्व्हरने मेल हाकलली की लाल. नंतर या म्हटलं की पिवळा, मग पेटी थोड्या थोड्या वेळाने पुन्हा दार ठोठावत राही. आणि मेल घेतली की हिरवा. तांडेलांना मेल म्हणजे काय हे कळत नसे, दिवा कळत असे. 'बिंतांग सेगारा' या बोटीवर ती पेटी सांभाळायला केर्तीचा धाकटा भाऊ होता, आर्तवान. बोट निघण्याआधी तो तिला म्हणाला होता, "एम्बोक, रात्रीचा निरोप पाठवतो ना, तेव्हा दिवा हिरवा झाला की मला वाटतं तू दाराशीच बसलीयेस. मग झोप लागते."

"मी कशाला बसतेय? मी घरी घोरत असते," थोरली बहीण म्हणाली होती.

"असू दे. मी काय येऊन बघतोय थोडाच!"

कंपनीचे मालक गुस्ती विराता. कचेरीत सगळे त्यांना अजिक म्हणत, म्हणजे बापाच्या जागी मानत, आणि तेही बापासारखेच कुणाचं ऐकून घेत नसत. दुपारी ते डोक्याला पांढरं फडकं बांधूनच आले. मिरवणुकीला जायची घाई होती.

"केर्ती, उद्याचं काय केलंस?"

"गेल्या वर्षीसारखंच, अजिक. दिवसभर 'नंतर या'. परवा सकाळी आपोआप सगळं आत येईल."

"ते नको. गेल्या वर्षी तांडेलांनी माझं डोकं खाल्लं. दिवसभर पिवळा दिवा, दिवसभर ती पेटी टुक टुक. आणि सणाच्या दिवशी दारावर आलेल्याला 'नंतर या'? आपल्यात असं कुणी बोलतं का गं?"

"मग काय म्हणू?"

"इंगिह म्हण. सगळ्यांना इंगिह म्हणायचं आणि ओटीवर बसवून ठेवायचं. परवा बघू कोण काय घेऊन आलंय ते."

इंगिह म्हणजे हो. पण या बेटावर वाढलेल्या माणसाला ठाऊक असतं की इंगिह म्हणजे हो, शिवाय ऐकलं, बघू, तुमचा मान राखतो, आणि पुष्कळदा नाही सुद्धा. तोंडावर नाही म्हणणं इथे कुणाला जमत नाही. आवाज कसा लागला, नजर कुठे गेली, यावरून ज्याचं त्याने समजून घ्यायचं असतं. सर्व्हरला ना आवाज, ना नजर. त्याने हो म्हटलं की पलीकडे दिवा हिरवा लागतो, बस्स.

केर्तीच्या मनात हे तेव्हा आलं नव्हतं असं नाही. ती म्हणाली, "आणि कुणाला खरंच काही झालं तर?"

"तर त्याच्यासाठी काहीतरी खिडकी ठेव. तू हुशार आहेस." अजिक दाराबाहेर गेलेही.

तिने खिडकी ठेवली. नियमांच्या रांगेत तिने लिहिलं की उद्या बोटींकडून येणारी प्रत्येक मेल घ्यायची, हो म्हणायचं आणि न उघडता बाजूला ठेवून द्यायची. मग दुसरा नियम लिहिला: एखाद्या बोटीने मेलच्या विषयात 'संकट' लिहिलेलं असेल तर थांबायचं नाही, तडक केर्तीच्या फोनवर एसएमएस टाकायचा. मोबाइलचं इंटरनेट न्येपीला बेटभर बंद असतं, पण एसएमएस चालतो. हा दुसरा नियम तिने सवयीने पहिल्याच्या खाली लिहिला. गावच्या सभेतही नवा आलेला माणूस मागच्या ओळीत जाऊन बसतो, कुणी सांगावं लागत नाही.

बाहेर ढोल सुरू झाले होते. बांबूच्या आणि कागदाच्या राक्षसांना खांद्यावर घेऊन पोरं चौकाकडे निघाली होती. आज भुतांना जागवायचं, घाबरवायचं, आणि उद्या सगळ्या बेटाने दिवे मालवून, तोंड मिटून बसायचं, म्हणजे वरून बघणाऱ्या भुतांना वाटतं की इथे कुणी राहतच नाही, आणि ती निघून जातात. केर्तीने नियम चालू केले आणि घाईघाईत बोटीच्या नावाने एक चाचणीची मेल पाठवली, विषय 'संकट'. सर्व्हरने उत्तर दिलं: घेतली. फोनवर एसएमएस आला नाही. आज सगळं गाव फोनवर आहे, येईल उशिरा, असं म्हणून तिने पिशवी उचलली. जो सगळ्यांनाच हो म्हणतोय, त्याच्या होवर चाचणी उत्तीर्ण धरली! पण हे म्हणायला आता आपलं काय जातं?

दुसऱ्या दिवशी केर्तीच्या पडुंगान गावावर ती शांतता उतरली. चूल नाही, गाडी नाही, रेडिओ नाही. विमानतळ बंद, त्यामुळे आभाळसुद्धा रिकामं. कोंबड्यांना तेवढं कुणी सांगितलेलं नव्हतं. केर्तीची आई ओसरीत चटईवर पडून होती. जरा भांडं वाजलं तरी ती डोळे न उघडता "शूः" करायची.

केर्तीला दरवर्षी हा दिवस आवडायचा. आज मात्र तिला सकाळपासून चैन नव्हतं आणि कारण सापडत नव्हतं. फोन उशाशी होता. कालच्या चाचणीचा एसएमएस अजूनही आला नव्हता. मिरवणुकीची गर्दी तर केव्हाच पांगली होती.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा गल्लीच्या तोंडाशी गलका झाला. न्येपीला गलका म्हणजे कुजबुजीपेक्षा जरा मोठा आवाज. केर्तीने कुडाच्या फटीतून पाहिलं. एक रुग्णवाहिका उभी होती. पुढे काळ्यापांढऱ्या चौकड्यांचं वस्त्र नेसलेला एक पचालांग, म्हणजे गावाचा राखणदार, हात आडवे करून उभा. गाडीतल्या बाईला कळा सुरू झाल्या होत्या. तो सांगत होता, आज सगळ्यांना थांबावंच लागतं. त्याच्या मागे दुसरा पचालांग उभा होता. बाळंतिणीची गाडी सोडायची हे त्याला सकाळी सांगून ठेवलेलं होतं. पण त्याला कुणी विचारलंच नाही, आणि पुढच्याने एकदा हात आडवा केल्यावर मधे बोलणं त्याला बरं दिसेना. शेवटी पचालांगांचा म्होरक्या पाक रुमावान धावत आला, दोघांनाही हलक्या आवाजात शिव्या घातल्या आणि गाडी सोडली.

केर्ती कुडाला धरून तशीच उभी राहिली. ज्याला माहीत होतं तो मागे उभा होता. सगळ्यांना अडवणारा पुढे.

तिने 'संकट'चा नियम खाली लिहिला होता. त्याच्या वरचा नियम प्रत्येक मेलला हो म्हणून तिथेच विषय संपवत होता. खिडकी होती, पण तिच्यापर्यंत कुणी पोचणारच नव्हतं.

तिने अजिकना फोन लावला. बंद. ते भक्तिभावाने फोन बंद ठेवतात हे तिला ठाऊकच होतं. मग तिने बंदरातल्या शोध-बचाव कचेरीचा नंबर लावला. तिथे आजही एक माणूस बसलेला असतो.

"कुठली बोट?" त्याने विचारलं.

"माहीत नाही. कदाचित कुठलीच नाही."

"काय झालंय?"

"काही झालंय की नाही तेच कळायला मार्ग नाही. झालं असलं तरी आमच्याकडे कळणार नाही, असं झालंय."

पलीकडचा माणूस फार नम्रपणे म्हणाला, "इंगिह, बाई. नक्की कळलं की सांगा, आम्ही आहोतच."

नक्की कळायचं तर कचेरीतल्या यंत्रासमोरच जाऊन बसायला हवं होतं. तिने पायात चपला सरकवल्या.

"कुठे निघालीस?" आईने डोळे उघडले.

"मेमे, मला बंदरावर जावं लागेल."

"आज? वेड लागलंय का तुला? गाव वाळीत टाकेल."

केर्तीने आर्तवानचं नाव काढलं नाही. आईपुढे ते काढायचं धैर्य तिला झालं नाही. ती सरळ पाक रुमावानपाशी जाऊन उभी राहिली. हा माणूस एरवी बाजारात मासळी विकायचा आणि गिऱ्हाइकांची टर उडवायचा. आज मोठ्या कष्टाने गंभीर होता.

"पाक रुमा, मला बंदरावर सोडा."

"बाळंतपण?"

"नाही."

"कुणी मरणाच्या दारी?"

"माहीत नाही. एक ओळ खाली राहिलीये. ती वर असायला हवी होती."

रुमावानने तिच्याकडे आणि मग सूर्याकडे पाहिलं. "ओळ? अगं, सकाळपासून उपाशी आहेस, जा, सावलीत पड. ओळ उद्या वर घे. ओळ काय पळून चाललीये?"

"उद्या उशीर झाला असला तर?"

"कशाला उशीर?"

"तेच तर माहीत नाही ना!" तिचा आवाज चढला आणि दोन घरांची दारं किलकिली झाली. तिने तो खाली आणला. "पाक, त्या ओळीच्या पलीकडे आर्तवान आहे."

रुमावानने आर्तवानला लहानपणी मासळीच्या टोपल्यांमध्ये खेळताना पाहिलेलं होतं. त्याने काठी उचलली. "मी सोबत येतो. गावाच्या शिवेपर्यंत माझं चालतं. पुढे बंदराकडच्या गावाचे लोक. तिकडे तू बोल, मी मान हलवतो."

दोघं चालत निघाले. बंदराकडे जाणाऱ्या त्या लांबलचक रस्त्याच्या दोन्ही अंगांना खारफुटी, आणि एरवी तिथे ट्रकांच्या आवाजात माणसाला स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही. आज चपलांचा आवाज येत होता. ओहोटीच्या चिखलात खेकडे चालल्याचाही येत होता. केर्तीला एकसारखं वाटत होतं की वरून कुणीतरी बेटाकडे बघतंय आणि सगळं रिकामं आहे याची खात्री करून घेतंय. आणि या रिकाम्या घराच्या आत एक यंत्र बसून येणाऱ्या प्रत्येकाला आदराने हो म्हणतंय. तिने झपाझप पावलं उचलली. रुमावान धापा टाकत मागून आला. "अगं, माझी आई, हळू. मी माझ्या बायकोच्या मागेसुद्धा कधी एवढा धावलो नाही."

शिवेवर दुसऱ्या गावाच्या पचालांगांनी रस्त्यावर बांबू आडवा टाकला होता. त्यांच्यातल्या वयस्कर माणसाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मान डोलावली. "इंगिह, इंगिह. समजलं. बसा इथे सावलीत. गावप्रमुखांना विचारायला माणूस पाठवतो." त्याने एका माणसाला डोळ्याने खूण केली, तो माणूस झाडामागे गेला. केर्तीला चटई दिली. ती बसली.

वाट बघण्यात किती वेळ गेला ते तिला पुढे कधीच सांगता आलं नाही. सावली चटईवरून सरकून तिच्या पायावर ऊन आलं एवढं खरं. मग ती पाय मोकळे करायला उठली आणि तिचं लक्ष झाडामागे गेलं. निरोप घेऊन गेलेला माणूस तिथेच बसून पायाची नखं खुडत होता.

तो कुठेही गेलेला नव्हता. त्याला कुणी पाठवलंच नव्हतं. म्हाताऱ्याने तिला नाही म्हणायचं टाळलं होतं, इतकंच. आणि हेच तिने काल सर्व्हरला आपल्या हाताने लिहून दिलेलं होतं.

ती म्हाताऱ्यासमोर गेली. "बापा, मला नाही म्हणा."

"आँ?"

"तोंडावर नाही म्हणा. मग मी भांडेन, ओरडेन, या बांबूखालून घुसेन. तुम्ही धरा मला, बांधून ठेवा. पण हो म्हणून बसवून ठेवू नका. मला कळू तरी द्या की मी अडकलेय."

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. असं त्याला आयुष्यात कुणी बोललं नसावं. रुमावान पुढे झाला आणि इतका वेळ हलवलेली मान थांबवून म्हणाला, "दादा, काय दंड बसेल तो माझ्या नावावर. देवळात मी उत्तर देईन. बांबू उचला." कुणीतरी बांबू उचलला.

कचेरीच्या आवारात कुत्रं नव्हतं. यंत्रांच्या खोलीत हिरवे ठिपके लुकलुकत होते आणि पंखा घरघरत होता. केर्ती खुर्चीत बसली. रुमावान दारात उभा राहिला, आत यायला तो कचरत होता. तिने बाजूला ठेवलेल्या मेलची यादी उघडली. बहुतेक बोटींच्या रोजच्याच मेल होत्या, हवा, पकड, बर्फ किती उरला. त्यांच्यामध्ये 'बिंतांग सेगारा'कडून आलेल्या चार. चारींचा विषय 'संकट'.

पहिली सकाळची. "इंजिनघरात पाणी शिरतंय. पंप चालू. तांडेल विचारतोय, जवळ दुसऱ्या कंपनीची बोट दिसते, रेडिओवर बोलावू का? आदेश द्या." रेडिओवर बोललं की मासळीची जागा सगळ्या समुद्राला कळते, म्हणून विचारल्याशिवाय रेडिओ उघडायचा नाही हा कंपनीचा शिरस्ता होता. अजिकनी त्यावरून एका तांडेलाला कामावरून काढलंही होतं.

दुसरी. "हिरवा दिवा मिळाला. तुम्हाला कळलं, आता जिवात जीव आला. रेडिओवर कुणाशी बोललो नाही. ती बोट पुढे निघून गेली. आदेशाची वाट बघतो."

तिसरी. "पंप बसला. बादल्यांनी उपसतोय. रेडिओ भिजला. कुठली बोट पाठवलीत ते कळवा."

चौथीत फक्त एवढंच होतं: "एम्बोक, तू आहेस ना? दिवा दर वेळी हिरवाच लागतो, म्हणजे तू आहेस."

प्रत्येकीपुढे सर्व्हरने आपलं उत्तर नीट लिहून ठेवलं होतं. घेतली. घेतली. घेतली. घेतली. रुमावान काय झालं म्हणून विचारत होता आणि ती नुसता पडद्याकडे हात करत होती.

मग ती भानावर आली. बचाव कचेरीचा नंबर लावला. मघाचाच माणूस होता. तिने बोटीचं नाव, मेलसोबत आलेली बोटीची जागा, माणसं किती, सगळं न अडखळता सांगितलं. या वेळी तो इंगिह म्हणाला नाही. "किती वेळ झाला?" त्याने विचारलं. तिने सांगितलं. फोन न ठेवताच त्याने कुणालातरी मोठ्याने हाक मारलेली तिला ऐकू आली.

तिने तो हो म्हणणारा नियम पुसून टाकला. 'संकट'ची ओळ सगळ्यात वर नेऊन ठेवली. दोन बोटांचं काम होतं. आणि मग बोटीला मेल लिहिली: "तराफ्यात उतरा. आर्तवान, आत्ताच्या आत्ता उतर. पेटी सोड. मदत निघाली." पाठवली आणि पडद्याकडे बघत राहिली. थोड्या वेळाने ओळ उमटली. पलीकडे पोचली. पलीकडच्या पेटीने घेतली.

"घेतली?" रुमावानने दारातून विचारलं. त्याला तेवढा एक शब्द वाचता आला होता. "म्हणजे आहे गं तो! वाचलं की त्याने!"

पण बोटीवरची ती पेटी तांडेलाच्या खोलीच्या छपरापाशी बसवलेली होती, तिची बॅटरी वेगळी होती. खोलीत माणूस असो नसो, आलेली मेल ती घेते. अशा होची किंमत काय हे आता केर्तीइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

काळोख पडेपर्यंत दोघं तिथेच बसून राहिले. दिवा लावला नाही. 'बिंतांग सेगारा'कडून पाचवी मेल आली नाही.

दुसऱ्या दिवशी तराफा सापडला. त्यावरची सगळी माणसं जिवंत होती, उन्हाने सोललेली, पण जिवंत. तांडेल होता, खलाशी होते, म्हातारा स्वयंपाकी सुवेता होता. आर्तवान नव्हता.

सुवेता बरा झाल्यावर त्यांच्या घरी आला. नारळ आणि तांदूळ घेऊन, धुतलेलं वस्त्र नेसून. ओसरीत आईसमोर बसून त्याने सगळं सांगितलं. सकाळची उन्हं अजून तिरपी होती तेव्हाच बोट एका अंगाला कलली, तांडेलाने उतरायला सांगितलं. एकेक करून सगळे तराफ्यात आले. आर्तवान खोलीच्या दारात उभा होता.

"मी ओरडलो, ये की रे! तर म्हणाला, काका, दिवा हिरवा आहे. म्हणजे एम्बोक बसलीये तिकडे, उत्तर लिहीत असेल. कुठली बोट येतेय तेवढं वाचतो आणि आलोच. मग लाट आली आणि दोर तुटला. आम्ही हातांनी वल्हवत होतो, पण मागे जाता येईना."

आईने पदर तोंडात कोंबला. केर्ती खांबाला टेकून बसली होती. सकाळची उन्हं तिरपी असताना दोर तुटला. तिने उत्तर पाठवलं तेव्हा दुपार कलली होती, म्हणजे सुवेता तोवर केव्हाचा तराफ्यावर होता आणि बोट त्याच्या नजरेआड झाली होती. हे तिला पुरतं समजत होतं. तरीही तिने विचारलं.

"काका, माझं उत्तर पोचलं का त्याला? वाचलं का त्याने?"

सुवेताने तिच्याकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. हात जोडून, मान खाली घालून, फार हळू आवाजात तो म्हणाला, "इंगिह, लुह. पोचलं. वाचलं त्याने."

केर्तीने पुन्हा विचारलं नाही. ती उठली, त्याच्यासाठी पाणी घेऊन आली, आणि तो पिऊन होईपर्यंत त्याच्यासमोर बसून राहिली.